रिसॉर्टमधला स्पा: खोल्यांआधी पाणी, हवा आणि चादरी

गोव्यात नवा रिसॉर्ट उभा राहतो तेव्हा स्पाचा आराखडा बहुधा दर्शनी भागापासून सुरू होतो. स्वागतकक्षात पाण्याचा झरा, जांभ्या चिऱ्याची भिंत, मागे मंद दिवे, असे सगळे ठरते आणि लॉन्ड्री कुठे, गरम पाणी कुठून, तेलकट सांडपाणी कुठे जाणार हे प्रश्न शेवटी येतात. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. पाहुण्याला तासभर जी शांतता मिळते ती मागच्या बाजूच्या कामावर उभी असते. ती बाजू कच्ची राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात खोल्यांना कुबट वास येऊ लागतो आणि दुसऱ्या सीझनला पाहुणे स्पाबद्दल विचारायचे थांबतात.

खोल्या किती हव्यात?

लोक अंदाजाने मसाजच्या आठ-दहा खोल्या बांधतात आणि त्यातल्या निम्म्या वर्षभर बंद ठेवतात. त्यापेक्षा साधे गणित करावे. समजा, मोरजीला ७० खोल्यांचा रिसॉर्ट आहे. एरवीच्या सीझनमध्ये ७० टक्के खोल्या भरलेल्या आणि खोलीमागे दोन माणसे धरली, तर रोज शंभराच्या आसपास पाहुणे. त्यातले आठ ते दहा टक्के त्या दिवशी स्पात येतील असे गृहीत धरले, तर आठ-दहा मसाज. नाताळात रिसॉर्ट पूर्ण भरला आणि हे प्रमाण चौदा टक्क्यांपर्यंत गेले, तरी वीसच. टक्केवारी सुरुवातीला गृहीत धरावी लागते. पहिला सीझन झाला की आपल्याच नोंदवहीवरून ती दुरुस्त करायची.

आता खरी अडचण येते ती संध्याकाळी. सकाळी लोक उशिरा उठतात, मग किनारा, मग जेवण. साधारण निम्मी मागणी दुपारी चार ते रात्री आठ या चार तासांत एकवटते. ६० मिनिटांच्या मसाजला खोली ८० मिनिटे अडते: साठ मिनिटे मसाज, पाच मिनिटे पाहुण्याला उठून आवरायला, पंधरा मिनिटे खोली पुन्हा लावायला. म्हणजे चार तासांत एका बेडवर तीनच पाहुणे. नाताळातल्या गर्दीच्या दिवशी संध्याकाळी दहा मसाज हवे असतील तर चार बेड पुरतात. दोन साध्या खोल्या आणि दोन बेडची एक खोली जोडप्यांसाठी, एवढ्यात ७० खोल्यांचा रिसॉर्ट सुखाने चालतो. वाचलेली जागा लॉन्ड्रीला आणि कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीला द्यावी.

साध्या खोलीला १२ ते १५ चौरस मीटर पुरतात. बेड साधारण ७५ सेंटिमीटर रुंद आणि १९० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या चारही बाजूंना किमान ८० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर थेरपिस्टला पाठीवर नीट वजन टाकता येत नाही आणि ती मनगटानेच जोर लावत राहते. बेडची उंची बदलता येणारी असावी. हात सैल सोडून उभे राहिल्यावर बोटांची पेरे बेडला जेमतेम टेकावीत, ही साधी खूण. उंच बेडवर रोज काम करणाऱ्यांचे अंगठे आणि खांदे काही महिन्यांत दुखू लागतात.

माणसे किती, आणि कोण?

एका थेरपिस्टने दिवसात चार ते पाच तास प्रत्यक्ष मसाज करावा, त्याहून जास्त नाही. डीप टिश्यूसारखे जोराचे प्रकार असतील तर आणखी कमी. म्हणजे वीस मसाजच्या दिवसाला चार-पाच जण कामावर हवेत, आणि साप्ताहिक सुट्ट्या धरून सहा-सात नेमावे लागतात.

इथे गोव्याचा नियम आडवा येतो आणि तो आधीच लक्षात घेतलेला बरा. राज्यात मसाजच्या व्यवसायाला आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि विरुद्धलिंगी मसाजला मनाई आहे. पुरुष पाहुण्याला पुरुष थेरपिस्ट, स्त्री पाहुणीला स्त्री. त्यामुळे सात थेरपिस्ट ही एक संख्या नसून दोन वेगळ्या तुकड्या असतात. जोडप्यांच्या खोलीचे एक बुकिंग दोन्ही तुकड्यांतला एकेक माणूस एकाच वेळी घेऊन जाते. पुरुष थेरपिस्ट दोनच असतील आणि एकाची सुट्टी असेल, तर त्या संध्याकाळी जोडप्याचे बुकिंग सुरू असताना दुसऱ्या कोणत्याही पुरुष पाहुण्याला नाही म्हणावे लागते. मधुचंद्राला आलेली जोडपी जास्त असतील तर सातांपैकी तीन पुरुष ठेवा. बुकिंगच्या तक्त्यातही खोलीचा रकाना आणि थेरपिस्टचा रकाना वेगळा हवा. फक्त खोली मोकळी बघून वेळ दिली की घोळ ठरलेला.

डेस्टिनेशन वेडिंगचे आणखी वेगळे. लग्नाच्या सकाळी वधूपक्षाच्या बारा मैत्रिणी एकदम येतात आणि सगळ्यांना अकराच्या आत तयार व्हायचे असते. त्यांना पूर्ण मसाज देणे शक्यच नसते. वीस-पंचवीस मिनिटांचा डोके-खांदे किंवा पायांचा प्रकार खुर्चीवर द्यावा, आणि हे लग्नाचा करार होतानाच यजमानांना सांगून ठेवावे.

थेरपिस्टपैकी बरेच जण बाहेरून आलेले असतात, ईशान्येकडच्या राज्यांतून, आणि आयुर्वेदाचे केरळमधून. त्यांच्या राहण्याची सोय, रात्री घरी पोचवणारी गाडी आणि वेळेवर पगार या गोष्टी स्पाच्या दर्जाचा भाग आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. पण त्याआधी एक लेखी नियम हवा: पाहुण्याचे वागणे खटकले तर थेरपिस्टने मसाज तिथेच थांबवायचा, खोलीतली घंटा दाबायची आणि बाहेर पडायचे. पाहुण्याशी पुढचे बोलणे व्यवस्थापकाने करायचे, आणि त्या दिवसाच्या तिच्या कमाईतला एक रुपयाही कापायचा नाही. हा नियम कागदावर असून कमाई कापली जात असेल, तर घंटा कोणीच दाबणार नाही.

हवा: गोव्यात स्पा इथेच बिघडतो

पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९० टक्के असते. खोलीतला एसी २३ अंशांवर लावला की खोली गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि तेव्हापासून हवा कोरडी करणे थांबते. खोली गार पण दमट राहते. क्षमतेपेक्षा मोठा एसी बसवला तर हे आणखी लवकर होते, कारण तो काही मिनिटांतच तापमान गाठून थांबतो. ऑगस्टपर्यंत छताच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके दिसतात आणि गादीच्या फोमला वास लागतो. तो वास पुढे कितीही सुगंधी तेल जाळले तरी जात नाही. फोम बदलावाच लागतो.

उपाय असा: एसी खोलीच्या मापाचाच घ्यावा आणि आर्द्रता काढणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, वेगळे बसवावे. त्याचे पाणी बादलीत न साठवता नळीने थेट निचऱ्यात सोडावे. रात्री भरलेली बादली कोणी ओतत नाही आणि यंत्र आपोआप बंद पडते. खोली २५-२६ अंशांवर आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. तेल लावून उघड्या अंगाने पडलेल्या माणसाला २२ अंश थंडी वाजवतात, म्हणून एसीचा झोत बेडवर कधीच येऊ नये. खोली रिकामी असली तरी जून ते सप्टेंबर यंत्र चालू राहिले पाहिजे. वीज वाचवायला ते बंद ठेवले तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट गाद्या आणि रंगावर जातो.

स्टीम आणि शॉवरच्या भागातली हवा बाहेर ओढणारा पंखा जोरदार हवा. तिथला दाब मसाजच्या खोल्यांपेक्षा कमी राहिला तर हवा कोरड्या भागातून ओल्या भागाकडे जाते. उलटे झाले तर वाफ दाराखालून मसाजच्या खोलीत शिरते.

सजावटीचा चिरा सुंदर दिसतो यात वाद नाही. पण तो सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि त्याची लाल भुकटी झडते. तो स्वागतकक्षात, अंगणात वापरावा, मसाजच्या खोलीच्या आत नको. वॉलपेपर आणि भुश्याचे बोर्ड अजिबात नकोत. लाकूड हवेच तर सागवान किंवा मरीन प्लाय. किनाऱ्याजवळ नळ, बिजागऱ्या, कठडे ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ दर्जावर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग पडतात.

पाणी आणि वाफ

एका पाहुण्यामागे शॉवरला ५० लिटर, पाय धुवायला पाचेक लिटर आणि चादरी-टॉवेल धुवायला ४० लिटर धरा. सुमारे शंभर लिटर. वीस पाहुण्यांना रोज दोन हजार लिटर, शिवाय जकुझी. उत्तरेतल्या बार्देश तालुक्याला आस्नोड्याच्या, दक्षिणेला साळावलीच्या प्रकल्पातून नळाचे पाणी येते, पण एप्रिल-मे मध्ये टँकर बोलवायची वेळ अनेकांवर येते. म्हणून स्पासाठी दोन दिवसांची वेगळी टाकी असावी. विहीर किंवा बोअरवेल वापरायची असेल तर २००२च्या भूजल कायद्याखाली जलस्रोत खात्याकडे नोंदणी करावी लागते. पाणी तपासूनच यंत्रणा निवडावी. जांभ्या दगडाच्या भागातले पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी आणि लोहयुक्त असते. ते तांब्याचे पाइप खाते आणि पांढऱ्या टॉवेलवर पिवळट छटा आणते. किनाऱ्यालगतच्या विहिरीत उन्हाळ्यात खारेपणा वाढतो.

गरम पाणी ६० अंशांवर साठवावे आणि शॉवरजवळ मिश्रण करणाऱ्या झडपेने ४० अंशांवर आणावे. हीटर थेट ४० वर ठेवणे धोक्याचे. २० ते ४५ अंशांत लीजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याच कारणासाठी न वापरले जाणारे शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटे पूर्ण गरम पाण्याने वाहू द्यावेत. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या खोल्यांत हे हमखास विसरले जाते.

स्टीम खोलीचे तापमान ४३ ते ४६ अंश, सौनाचे, म्हणजे कोरड्या उष्णतेच्या खोलीचे, ८० ते ९०. आमचे मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या गोव्यात सौनाची गरज फार कमी आहे, स्टीम पुरे. स्टीमच्या खोलीचे छत सपाट नसावे. सपाट छतावर वाफेचे थेंब साचतात आणि पाहुण्याच्या खांद्यावर कढत टपकतात. भिंतीकडे उतार दिला की थेंब भिंतीवरून ओघळतात. दार बाहेर उघडणारे, बिनकडीचे. घंटेचे बटण बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतके खाली. आणि एका वेळी १० ते १५ मिनिटे, बस्स. वाफेचा जनरेटर आणि पाण्याचे हीटर डिझेल जनसेटवर टाकू नयेत, भार पेलत नाही. वीज गेली तर दिवे, पंखे आणि घंटा तेवढी चालू राहिली पाहिजेत.

जकुझीचे पाणी ४० अंशांच्या वर कधीच नको. सामू ७.२ ते ७.८, मोकळे क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (लिटरमागे तितके मिलिग्रॅम), आणि मोजणी दिवसातून किमान तीनदा, वहीत वेळेसह. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडते आणि सनस्क्रीन ते आणखी खाते. १५०० लिटरच्या टबात रोज दहा-बारा जण उतरत असतील तर दहा-बारा दिवसांनी सगळे पाणी बदलावे. क्रम पक्का ठेवा: आधी शॉवर, मग स्टीम किंवा जकुझी, मग मसाज. मसाजनंतर टबात उतरू दिले की पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि फिल्टर तुंबतो.

तेल, चादरी आणि आगीचा धोका

साध्या मसाजला ४० ते ६० मिलिलिटर तेल लागते, अभ्यंगाला शंभराहून जास्त. त्यातले बरेचसे चादरीत आणि निचऱ्यात जाते. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून एसीच्या गारव्यातून जाणाऱ्या पाइपात त्याचा थर बसतो आणि एके दिवशी शॉवरचे पाणी वर येते. प्रत्येक ओल्या खोलीच्या निचऱ्यापुढे ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी, बसवा आणि सीझनमध्ये दर आठवड्याला उपसा. तेल सांडपाण्याच्या प्रकल्पात गेले की तिथले जिवाणू मरतात आणि सगळ्या रिसॉर्टला दुर्गंधी सुटते.

एका मसाजमागे दोन चादरी, तीन टॉवेल, उशीचा अभ्रा, चेहरा टेकवायच्या कडीचे कव्हर आणि रोब मिळून साधारण तीन किलो कपडे निघतात. प्रत्येक बेडमागे दिवसाच्या मसाजांच्या चौपट संच हवेत: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात, एक विसावलेला. पाऊसकाळात कपडे बाहेर वाळत नाहीत, त्यामुळे ड्रायर लागतोच. आणि इथे सगळ्यात मोठा धोका आहे. तिळाचे, बदामाचे तेल हवेशी संयोग पावताना स्वतःच उष्णता सोडते. अर्धवट धुतलेले तेलकट टॉवेल ड्रायरमधून गरमगरम काढून गठ्ठा बांधून ठेवले, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी गठ्ठा आपोआप पेटू शकतो, बहुधा रात्री, कोणी नसताना. म्हणून स्पाचे कपडे खोल्यांच्या चादरींपासून वेगळे, ६० ते ७० अंशांच्या पाण्यात, तेल सोडवणाऱ्या साबणाने धुवावेत. वाळल्यावर ड्रायरचे थंड हवेचे चक्र पूर्ण होऊ द्यावे. मग कपडे पसरून गार करावेत, नंतरच घड्या. धुतल्यावरही खवट वास येणारा टॉवेल म्हणजे तेल उरलेला टॉवेल. तो पुन्हा धुवा किंवा बाद करा.

दोन पाहुण्यांमधली ती पंधरा मिनिटे कशी जातात हे एकदा उभे राहून बघण्यासारखे आहे. आधी बाहेर हवा टाकणारा पंखा पूर्ण वेगाने. चादरी तेलकट बाजू आत ठेवून गुंडाळायच्या आणि थेट झाकणाच्या पिशवीत, जमिनीवर नाही. बेडचे रेक्झिन आधी साबणाच्या पाण्याने पुसायचे, मग जंतुनाशकाने. तेलाच्या थरावर जंतुनाशक लावून उपयोग नसतो, आणि लावल्यावर बाटलीवर लिहिलेली मिनिटे ते ओले राहिले पाहिजे. तेवढ्या वेळात वाटी धुवायची. वाटीत उरलेले तेल बाटलीत परत ओतायचे नाही, फेकायचे. जमिनीवरचे थेंब पुसायचे, कारण पुढचा पाहुणा ओल्या पायांनी त्यावरूनच घसरतो. बेड लावून झाला की थेरपिस्टने क्षणभर चेहरा टेकवायच्या कडीतून स्वतः खाली बघावे. पालथ्या पाहुण्याला तासभर तेवढेच दिसते: फरशीवरचा केस, लोंबणारी वायर, धूळ बसलेले चाक. वरचे दिवे उताण्या पाहुण्याच्या डोळ्यांत जातात का, हेही तसेच झोपून तपासायचे.

मसाज कोणाला द्यायचा नाही?

नोंदणीचा कागद भरून घेतात, वाचत कोणी नाही. ताप, शिरेत रक्ताची गाठ, नुकतीच शस्त्रक्रिया, त्वचेचा संसर्ग, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपणाचे पहिले तीन महिने, यांत सरळ नाही म्हणावे किंवा डॉक्टरांचा सल्ला मागावा. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर बदामाचे तेल नको. गोव्यात आणखी तीन प्रश्न तोंडी विचारलेच पाहिजेत. उन्हाने कातडी भाजली आहे का? तिथे चोळायचे नाही, स्क्रब तर नाहीच. दारू घेतली आहे का? घेतली असेल तर स्टीम आणि जकुझी बंद, कारण रक्तदाब उतरून माणूस आतच कोसळू शकतो. आज स्कूबा डायव्हिंग केले आहे का? ग्रँड आयलंडला सकाळी खोल बुडी मारून आलेल्याला त्याच दिवशी जोराचा मसाज किंवा गरम टब देऊ नये. डायव्हिंगमधून उद्भवणारे सांध्यांचे दुखणे मसाजचे समजून दुर्लक्षिले जाते आणि उपचाराला उशीर होतो.

आयुर्वेदाच्या बाबतीत आमचा आग्रह स्पष्ट आहे. नोंदणीकृत वैद्य नसेल तर अभ्यंगापलीकडे जाऊ नये. तीन रात्रींच्या मुक्कामात पंचकर्मातले वमन-विरेचन (उलटी आणि जुलाबाने शुद्धी) बसत नाही आणि दीड तासाच्या मसाजला पंचकर्म म्हणणे ही पाहुण्याची फसवणूक आहे. शिरोधारेला, म्हणजे कपाळावर तेलाची धार सोडायला, दीड ते दोन लिटर कोमट तेल लागते. ते त्याच पाहुण्याच्या पुढच्या बैठकीला वापरता येते, दुसऱ्याला कधीही नाही. दर ठरवताना हा खर्च धरलेला असावा.

परवान्यांत किनाऱ्याचा नियम सगळ्यात आधी तपासा. भरतीरेषेपासूनच्या संरक्षित पट्ट्यात माडांखाली तात्पुरती मसाजची झोपडी टाकायलाही किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, त्याशिवाय पंचायत किंवा नगरपालिका, पर्यटन खाते, अग्निशमन दल. आराखडा कागदावर असतानाच ही कामे सुरू करावीत.

नवा स्पा सुरू करताना, किंवा पावसाळ्यानंतर पुन्हा उघडताना, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. त्या आठवड्यात रिसॉर्टच्याच कर्मचाऱ्यांना पाहुणे करून रोज संध्याकाळी चारही बेड एकदम चालवा. प्रत्येक मसाजची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ लिहा, शेवटच्या शॉवरला गरम पाणी पुरते का पाहा, रात्री टॉवेलच्या गठ्ठ्यात हात घालून ते गार आहेत का तपासा. पंधरा मिनिटांत खोली लागत नसेल तर ऑक्टोबरचे बुकिंग ८० ऐवजी ९० मिनिटांच्या अंतराने घ्या आणि हात बसला की कमी करा.